प्रोस्टेटच्या तुकड्यांचा रिपोर्ट : ग्लीसन ३+३=६, ऊतीच्या २ टक्के. पुढे काय?

सुरंगी

नमस्कार मंडळी. आप्पांच्या (वडील, वय ७१) रिपोर्टबद्दल विचारायचंय. आप्पा राजापूर तालुक्यात, गावीच असतात. मी ठाण्याला, धाकटा भाऊ त्यांच्याजवळ.

लघवीचा त्रास जुना, प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढल्यामुळे. रात्री चार-चारदा उठणं, धार बारीक, झाली असं वाटतच नाही. गोळ्या चालू होत्या. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं तेव्हा "आंबा उतरू दे, मग बघू" म्हणून त्यांनी ढकललं, आणि जूनच्या पहिल्या पावसात लघवी पूर्ण तुंबली. रत्नागिरीला नेलं, नळी घातली, आणि नंतर दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, टीयूआरपी (मूत्रमार्गातून जाऊन प्रोस्टेटचा आतला भाग तुकड्या-तुकड्यांनी खरवडून काढतात ते). नळी निघाली, धार मोकळी, आप्पा खूश. सर्जन म्हणाले होते, "साधी वाढ दिसतेय, तरी तुकडे तपासायला पाठवतो." आम्ही ते ऐकलं आणि विसरलो.

काल भावाच्या फोनवर रिपोर्ट आला. महत्त्वाचं तेवढं टाइप करते :

"टीयूआरपी चिप्स, वजन ३८ ग्रॅम. अंशतः घेतले, १३ कॅसेट. नोड्युलर हायपरप्लेजिया व क्रॉनिक प्रोस्टेटायटिस. दोन चिप्समध्ये असिनर अॅडिनोकार्सिनोमा, ग्लीसन ३+३=६, ग्रेड ग्रुप १, तपासलेल्या ऊतीच्या अंदाजे २ टक्के. पी६३ व एचएमडब्ल्यूसीके नकारात्मक, एएमएसीआर सकारात्मक. उरलेली ऊती तपासून पुरवणी रिपोर्ट देण्यात येईल."

आता प्रश्न. दहापैकी सहा म्हणजे निम्म्याहून पुढे गेलंय का? सर्जनना साधी वाढ दिसली तर कॅन्सर आला कुठून, डबी बदलली असेल का? आणि "अंशतः घेतले" म्हणजे काय, पैसे पूर्ण घेतले आणि तपासलं अर्धंच? सर्जनची वेळ सोमवारी आहे, तोवर घरात कोणाला झोप नाही. आप्पांना अजून सांगितलेलं नाही.

जांभादगड

ताई, शांत व्हा. लॅबवाल्यांना काहीतरी लिहावंच लागतं. सत्तरीपुढच्या कोणाच्याही प्रोस्टेटमध्ये शोधलंत तर काहीतरी सापडणारच. माझ्या काकांचे तुकडे तर कुठे पाठवलेच नव्हते, डॉक्टर म्हणाले नजरेला चांगलं दिसतंय. काका ८४ पर्यंत बागेत शिंपणं करत होते. आप्पांना पेज-भात खायला घाला, रिपोर्ट कपाटात ठेवा.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, कोकणातच काम करतो. जांभादगड यांचं पहिलं निम्मं बरोबर आहे, दुसरं अजिबात नाही. म्हाताऱ्या पुरुषांत लहान, मंद, कधीच त्रास न देणारे प्रोस्टेट कॅन्सर खरंच पुष्कळ असतात. पण तो मंद आहे की नाही हे ठरतं सूक्ष्मदर्शकाखालीच. दुर्बिणीतून सर्जनला वाढलेली ग्रंथी दिसते, तिच्यातल्या पेशींची मांडणी दिसत नाही. म्हणून "नजरेला चांगलं" या वाक्यावर कोणीही घरी जाऊ नये, आणि तुमच्या सर्जननीही तसं जाऊ दिलं नाही.

सुरंगी, एकेक घेऊ. नोड्युलर हायपरप्लेजिया म्हणजे सर्जन म्हणाले तीच साधी वाढ, आणि असिनर अॅडिनोकार्सिनोमा म्हणजे ग्रंथींचा कॅन्सर.

सहाचा घोळ आधी. डोनाल्ड ग्लीसन नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९६६ मध्ये ही पद्धत मांडली. कॅन्सरच्या ग्रंथी किती नीट घडलेल्या आहेत आणि किती विस्कटलेल्या, एवढंच बघायचं, १ ते ५ आकडे द्यायचे. सगळ्यात जास्त जागा व्यापणारा नमुना आणि त्याच्या जोडीचा दुसरा, यांची बेरीज. कागदावर ती २ ते १० होते, पण १ आणि २ हे आकडे आता व्यवहारात जवळपास वापरलेच जात नाहीत. त्यामुळे प्रत्यक्षात शिडी सहापासूनच सुरू होते. सहा ही तळची पायरी. हा गोंधळ जगभर व्हायचा, रुग्ण सहा बघून घाबरायचे, म्हणून २०१४ मध्ये शिकागोला तज्ज्ञांची बैठक होऊन १ ते ५ असे ग्रेड ग्रुप मान्य झाले. ३+३ म्हणजे ग्रुप १. ३+४ ग्रुप २, ४+३ ग्रुप ३ (बेरीज सातच, पण कोणता आकडा आधी येतो याने फरक पडतो), आठ म्हणजे ४, नऊ-दहा म्हणजे ५. आप्पांच्या रिपोर्टमध्ये दोन्ही लिहिलंय, म्हणजे लॅब काळाबरोबर आहे.

डबी बदलली का? शंका रास्त आहे, आम्हीही ती घेतो. कधीकधी दुसऱ्या रुग्णाच्या ऊतीचा कण पाण्याच्या भांड्यातून स्लाइडवर येऊन बसतो. पण तो एकटा, कडेला, बाकीच्या ऊतीशी नातं नसलेला दिसतो. इथे दोन वेगळ्या चिप्समध्ये आहे. तरी मनात राहिलंच तर लॅबमध्ये मेणाच्या ब्लॉकमध्ये जपलेल्या ऊतीचा डीएनए आणि आप्पांचं रक्त जुळवून बघता येतं. मला त्याची गरज वाटत नाही.

मार्करची (पेशी ओळखायला लावतात त्या खास रंगांची, पी६३ वगैरे) ओळ वाचून पुष्कळ जण दचकतात. निरोगी ग्रंथीच्या नळीला पेशींचे दोन थर असतात, आतला स्राव करणारा आणि बाहेरचा पायाचा. कॅन्सरमध्ये हा पायाचा थर नाहीसा होतो. पी६३ आणि एचएमडब्ल्यूसीके हे त्या पायाच्या पेशींना रंगवतात. ते रंगले नाहीत, आणि कॅन्सरपेशींत वाढणारं एएमएसीआर रंगलं. इथे "नकारात्मक" म्हणजे चांगलं असं नाही. हे मार्कर लावणं मात्र मला आवडलं, कारण प्रोस्टेटच्या नेमक्या याच भागात अॅडिनोसिस नावाची एक निरुपद्रवी गोष्ट असते, ती साध्या रंगात हुबेहूब ३+३ सारखी दिसते. तिच्यात पायाच्या पेशी तुटक का होईना, सापडतात. लॅबने ती शक्यता तपासून मगच शब्द लिहिलाय.

"अंशतः"चं उत्तर लॅबच्या आतल्या माणसाने द्यावं. कोयंडा, आहात का?

कोयंडा

आहे आहे. गेली बरीच वर्षं लॅबमध्ये टेक्निशियन आहे, तुकडे घेणं, प्रोसेसिंग, कापणं हेच काम.

डबी येते तेव्हा आधी नाव, वय, नोंदणी क्रमांक डबीवर आणि फॉर्मवर जुळवायचे. मग फॉर्मालिन गाळून चिप्सचं वजन. टीयूआरपीचे तुकडे तांदळाच्या दाण्याहून मोठे, लांबुळके, करडे-पिवळट, कडेला कॉटरीने (विजेच्या उपकरणाने) भाजलेले. भाजलेल्या कडांतल्या पेशी वाचता येत नाहीत, डॉक्टर तिथे शिव्या घालतात.

आता एका कॅसेटमध्ये (तुकडे ठेवायची छोटी जाळीदार डबी) दीड-दोन ग्रॅमच मावतात. म्हणून प्रघात असा, की नमुना १२ ग्रॅमपर्यंत असेल तर सगळाच्या सगळा घ्यायचा. जास्त असेल तर पहिले १२ ग्रॅम सहा ते आठ कॅसेटमध्ये, आणि पुढच्या दर ५ ग्रॅमला एक कॅसेट. ३८ ग्रॅमला १३ म्हणजे हिशेब बरोबर बसतोय. कोणी चोरी केलेली नाही! बरं, निवड आंधळी नसते. कडक, पिवळा तुकडा हाताला लागला की तो आधी घेतो. आणि घेतलेल्यात अनपेक्षित कॅन्सर ५ टक्क्यांच्या आत सापडला, तर उरलेलं सगळं घ्यायचं. तुमच्या रिपोर्टातली शेवटची ओळ त्याचीच.

मग रात्रभर मशीनमध्ये, चढत्या टक्क्याचं अल्कोहोल, झायलीन, वितळलेलं पॅराफिन. सकाळी मेणाचे ब्लॉक, मायक्रोटोमवर (काप घ्यायच्या यंत्रावर) चारेक मायक्रॉनचे काप, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचे, हिमॅटॉक्सिलिन-इओसिनचा रंग. केंद्रकं निळी-जांभळी, बाकी गुलाबी. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत काप घेताना जीव जातो आणि त्यात लाइट गेली की मशीन बॅटरीवर टाकायची धावपळ. मार्कर लावायचे तर आणखी एक-दोन दिवस. त्यामुळे "इतके दिवस का लागतात" असा फोन करून रिसेप्शनच्या मुलीला ओरडू नका, प्लीज.

एक सगळ्यांसाठी सांगून ठेवतो. छोट्या गावांत डबी नातेवाइकांच्या हातात देतात, "लॅबला नेऊन द्या" म्हणून. बघा, आत फॉर्मालिन आहे का. एकदा एक माणूस तुकडे सलाइनमध्ये घेऊन आला, रात्रभर तसेच, उन्हाळा. पेशी विरघळायला लागलेल्या. १० टक्के फॉर्मालिन हवं आणि ऊतीच्या दहापट तरी. झाकण घट्ट, डबी उभी. फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही, आणि कृपा करून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवू नका. एसटीत फॉर्मालिन सांडलं तर कंडक्टर तुम्हाला हातखंब्याला उतरवेल, डोळे चुरचुरतात लोकांचे.

खाडीपलीकडचो

माझ्या मामाचा ह्याच ऑपरेशन झाला, घाटार एका हॉस्पिटलात. मामा चलाक-फिराक लागलो, मगे रिपोर्ट आणूक कोण जातलो? चतुर्थी तोंडार इलेली. रिपोर्ट थंयच पडान रवलो. पुढे कंबर दुखाक लागली म्हणान दुसऱ्या डॉक्टराकडे गेलो, तेणी पयलो प्रश्न केल्यान, "तुकड्यांचो रिपोर्ट खंय?" मगे सगळ्यांची धावपळ. कॅन्सर नाय होतो, जुनी सूज होती आणि कंबर मणक्यामुळे दुखत होती. पण इतके म्हयने कोणाकच म्हायती नाय. सुरंगीताई, तुमच्या भावान रिपोर्ट मागान घेतलो, ह्या मोठा काम केल्यान.

सूक्ष्मदर्शी

खाडीपलीकडचो, असं पुष्कळदा घडतं. आमच्या लॅबमध्येही न नेलेले रिपोर्ट पडून असतात. धार मोकळी झाली की माणसाच्या लेखी आजार संपतो.

पन्हं

मधेच विचारते. माझ्या सासऱ्यांचा रिपोर्ट अगदी साधा आला, "बिनाइन, मॅलिग्नन्सी दिसत नाही". मग आता पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) करत बसायची गरज नाही ना? कॅन्सर नाही हे तर सिद्धच झालं.

सूक्ष्मदर्शी

नाही, सिद्ध झालेलं नाही, आणि हा या धाग्यातला सर्वात कामाचा प्रश्न आहे.

टीयूआरपीत प्रोस्टेट पूर्ण काढत नाहीत. खवणीवर नारळ खवताना आतलं खोबरं निघतं आणि करवंटीला लागलेला थर तसाच राहतो, तसं आहे हे. मूत्रमार्गाभोवतीचा आतला भाग (ट्रान्झिशन झोन) खरवडून काढतात, कारण म्हातारपणची साधी वाढ तिथेच होते आणि वाट अडवते. पण प्रोस्टेटचे सुमारे ७० टक्के कॅन्सर बाहेरच्या, मागच्या थरात सुरू होतात. तो थर सासऱ्यांच्या अंगात अजून आहे. डबीत आला त्यात कॅन्सर नाही, एवढंच रिपोर्ट सांगतो.

ऑपरेशननंतर पीएसए खाली येतो, कारण ते बनवणारी बरीचशी ऊती निघून जाते. तीनेक महिन्यांनी नवा आकडा करून घ्यायचा आणि पुढे तोच पाया धरायचा. त्यावरून वर चढत गेला तर विचारायचं. किती वर्षं करत राहायचं हे वय आणि बाकी तब्येतीवर, ते सर्जनशी बोला.

हेच ओपन ऑपरेशनलाही लागू. फार मोठी ग्रंथी असली की पोट उघडून आतला गोळा बोटाने सोडवून काढतात. लंडनच्या पीटर फ्रेयर यांनी १९०० च्या सुमारास ते प्रसिद्ध केलं म्हणून त्यांचं नाव. (हे फ्रेयर त्याआधी आपल्याकडे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते.) त्यातही बाहेरचा थर मागे राहतोच. "माझं प्रोस्टेट काढून टाकलंय" असं सांगणारे निम्मे लोक प्रत्यक्षात प्रोस्टेट घेऊनच फिरत असतात.

चाकरमानी

लेझरने केलं तर? आमच्या बिल्डिंगमधल्या एकांना लेझर झालं, त्यांच्याकडे रिपोर्टच नाही. हॉस्पिटल म्हणतं तुकडेच नव्हते.

सूक्ष्मदर्शी

कोणतं लेझर यावर आहे. होल्मियम लेझरने गोळा सोडवून, मूत्राशयात बारीक करून काढतात त्यात ऊती मिळते, भरपूर मिळते, आणि ती तपासायलाच हवी. जिथे ऊतीची वाफच करतात तिथे तपासायला काही उरत नाही. चुकीचं नाही ते, पण मग ऑपरेशनच्या आधी पीएसए, बोटाने तपासणी, गरज पडली तर एमआरआय हे सगळं झालेलं असावं.

जांभादगड

म्हणजे माझ्या काकांचे तुकडे फेकून दिले ते चूकच म्हणा की.

सूक्ष्मदर्शी

हो.

निवृत्त_मास्तर

मी स्वतः या वाटेवरचा आहे म्हणून लिहितो. चिपळूणजवळ राहतो. माझ्याही चिप्समध्ये असाच छोटा ठिपका सापडला, ३+३, पाच टक्क्यांच्या आत. कॅन्सरच्या या टप्प्याला टी१ए म्हणतात. पाच टक्क्यांवर गेला तर टी१बी. मला वाटलं आता मुंबईच्या फेऱ्या, किमो, केस जाणार. डॉक्टर म्हणाले, आत्ता काहीच करायचं नाही, फक्त लक्ष ठेवायचं. पहिल्यांदा मला हे हलगर्जीपणाचं वाटलं. मग एमआरआय झाला, बाहेरच्या थरातून बायोप्सी झाली, त्यात काही निघालं नाही. तेव्हापासून ठरल्या वेळी पीएसए आणि डॉक्टरांचं बोट. बाकी भजन, बाग, बारशी-लग्नं व्यवस्थित. लक्ष ठेवणं ही उपचाराची पद्धत आहे, हे पटायला मात्र वेळ लागला. आकडा थोडा वर गेला की त्या रात्री झोप येत नाही, हे खोटं कशाला सांगू.

सुरंगी, पीएसए किती होता ऑपरेशनआधी?

सुरंगी

सगळ्यांचे खूप आभार, भावाला धागा वाचून दाखवला. पीएसए ११ होता. पण तो नळी घातल्यानंतर दोन दिवसांनी काढलेला. गोळ्या टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड, दुसरी वर्षभराहून जास्त.

सूक्ष्मदर्शी

मग त्या ११ वर काहीच बांधू नका. लघवी तुंबणं, नळी, जंतुसंसर्ग, या प्रत्येकाने पीएसए चढतो. उलट ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड सहा महिने ते वर्षभर घेतलं की तो निम्म्यावर येतो, म्हणून आकडा दुप्पट करून वाचावा लागतो. एकीकडून ओढलेला आणि दुसरीकडून ढकललेला आकडा आहे हा.

या गोळ्यांचा उल्लेख लॅबच्या फॉर्मवर होता का तेही सर्जनना विचारा. त्या घेतल्या की ग्रंथी आक्रसतात, पेशी लहान दिसतात. कॅन्सरवरची हार्मोनची औषधं असतील तर फारच बदल होतो, इतका की ग्लीसन द्यावा की नाही असा प्रश्न पडतो. मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी बीसीजी (टीबीची लस) दिलेलं असेल तर प्रोस्टेटमध्ये टीबीसारख्या गाठी दिसतात, आणि आपल्या देशात खरा टीबीही निघतो, मग त्यासाठी वेगळा रंग लावायचा. फॉर्मवर नुसतं "टीयूआरपी, ७१/पु" लिहून येतं तेव्हा हे सगळं आम्ही अंदाजाने करतो. फॉर्म नीट भरणारे सर्जन मला देवासारखे वाटतात.

"क्रॉनिक प्रोस्टेटायटिस"कडे मात्र दुर्लक्ष करा. ती सूज जवळजवळ प्रत्येक नमुन्यात असते.

चाकरमानी

आप्पांना सांगायचं की नाही यावर कोणी बोललंच नाही. माझं मत, पुरवणी रिपोर्ट येईपर्यंत नको. आमच्या आजोबांना कॅन्सर शब्द ऐकूनच जेवण सुटलं होतं.

पन्हं

मला उलट वाटतं. ७१ म्हणजे काही खूप म्हातारे नाहीत. त्यांचं शरीर आहे. पुढे दर सहा महिन्यांनी रक्त द्यायला का नेताय, हे काय सांगणार? "व्हिटॅमिन बघतोय"?

खाडीपलीकडचो

गावात तर सांगूच नको. पण बापाशीक सांग गो बाय. शेजारच्यांकडसून कळण्यापेक्षा तुझ्याकडसून कळलेला बरा.

निवृत्त_मास्तर

पन्हं यांच्याशी सहमत. मला माझ्या मुलांनी आधी सांगितलं नव्हतं. घरात सगळे एकदम गोड बोलायला लागले, त्यावरून ओळखलं.

सुरंगी

सोमवारचं सांगते.

आप्पांना सांगायचा प्रश्नच उरला नाही. भावाचा फोन चार्जिंगला होता, त्यांनी आंब्याच्या पेट्यांचे पैसे आले का बघायला उघडला आणि रिपोर्ट वाचला. शनिवारी सकाळी चहाला बसल्यावर म्हणाले, "दोन टक्के म्हणजे अठ्ठ्याण्णव टक्के पास ना?" भाऊ काही बोललाच नाही. मग त्यांनीच विषय काढून सोमवारी स्वतः यायचं ठरवलं.

पुरवणी रिपोर्ट त्याच दिवशी मिळाला. उरलेली सगळी ऊती घेतली, आणखी ८ कॅसेट. अजून एका चिपमध्ये तसाच ठिपका, ग्रेड तोच, एकूण धरून अंदाजे २ टक्केच. म्हणजे मास्तर म्हणतात तसं टी१ए. सर्जननी आम्ही विचारायच्या आधीच गोळ्यांचा आणि नळीचा मुद्दा सांगितला, फॉर्मवर ड्युटास्टेराइड लिहिलेलं होतं. तीन महिन्यांनी पीएसए, जखम भरली की एमआरआय, त्यात काही दिसलं तर बायोप्सी. तोवर वजन उचलणं, मोटरसायकल आणि झाडावर चढणं बंद. शेवटच्याला आप्पांचा विरोध आहे.

दोन प्रश्न राहिले. कालपासून लघवीत थोडं लाल येतंय आणि एक बारीक तुकडाही पडला, तो आप्पांनी काचेच्या बाटलीत ठेवलाय, लॅबला द्यायचा म्हणून! आणि काका ऐकायला तयार नाहीत, मुंबईत दुसरं मत घ्याच म्हणतात. त्यासाठी पुन्हा तुकडे कापायला लागतील का?

सूक्ष्मदर्शी

बाटलीचं आधी. ऑपरेशननंतर साधारण दहा ते चौदा दिवसांनी आतली खपली सुटते, तेव्हा थोडं रक्त, एखादा सुटा राहिलेला तुकडा पडणं होतं. पाणी भरपूर प्यायला सांगा. गाठी पडायला लागल्या, रक्त गडद झालं, ताप आला किंवा लघवी अडली तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा. सर्जनना आजच फोन करून हे सगळं कळवा, तुकड्याचंही. लघवीत भिजलेल्या, साध्या बाटलीत ठेवलेल्या तुकड्यातून मला काही वाचता येणार नाही, पण आप्पांचा उत्साह आवडला.

दुसऱ्या मतासाठी पुन्हा काही कापायचं नाही. ऊती मेणाच्या ब्लॉकमध्ये आहे, वर्षानुवर्षं टिकते. परळच्या टाटा मेमोरियलला बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक तपासून मत देतात. ग्रेड ग्रुप १ ला, मार्कर नीट लावलेले असताना, मी स्वतः घाई केली नसती. पण काकांची झोप होणार असेल तर घ्या. नुसता रिपोर्ट नेऊन उपयोग नाही, स्लाइडच न्यायला हव्यात.

कोयंडा

लॅबला अर्ज द्या, रुग्णाची सही लागते. स्लाइड आणि ब्लॉकचे नंबर लिहिलेली पावती घ्या आणि मोजून ताब्यात घ्या. सगळे २१ ब्लॉक मागू नका, कॅन्सर असलेले आणि सोबत एखाद-दुसरा, कोणते ते डॉक्टर सांगतील. दोन्ही रिपोर्टच्या प्रती सोबत, पहिला आणि पुरवणी. मार्करच्या स्लाइडही मागून घ्या, नाहीतर तिकडे परत लावतील आणि त्याचे पैसे वेगळे. ब्लॉक गाडीच्या काचेखाली उन्हात ठेवू नका, मेण मऊ होतं. रेल्वेने जाणार असाल तर हातातल्या बॅगेत. आणि काम झाल्यावर परत आणून द्या, लोक नेतात ते नेतातच.

सुरंगी

सर्जनशी बोलणं झालं, पाणी वाढवायला सांगितलंय, लाल कमी झालंय. अर्ज उद्या भाऊ देतोय. काका मांडवी एक्स्प्रेसने येतो म्हणालेत.